तुम्मक्काची शेवटची दोन बाळंतपणं

माझ्या सासूबद्दल चांगलं बोलायचं म्हटलं की माझी जीभ अडखळते. सवयच नाही. ती होती तोवर तिनं मला कधी धड वाक्य पुरं करू दिलं नाही, आणि आता ती नाही तर ज्याला त्याला तिच्याच गोष्टी ऐकायच्या असतात. परवा नदीपलीकडून दोन बायका आल्या आणि म्हणाल्या, राजाला जन्म देणाऱ्या तुम्मक्काचं घर हेच का. मी म्हटलं, हेच, आणि त्या पायरीवर बसू नका, ती मोडली आहे.

राजाला जन्म तिनं दिला नव्हता. बाळंतपण केलं होतं, आणि राजा तेव्हा पन्नाशीला आला होता. लोक अर्धं ऐकतात आणि पुढे दुप्पट करून सांगतात, म्हणून एकदाच काय ते नीट सांगून टाकते.

तुम्मक्का आमच्या जंबुपल्लची सुईण. वंशधारेच्या या काठावर माझ्या वयाचं जे कुणी हिंडतं-फिरतं आहे, ते बहुतेक तिच्याच हातांत पहिल्यांदा रडलं. हात पुरुषासारखे मोठे, आणि तोंड त्याहून मोठं. बाळंतिणीला धीर देणं वगैरे तिला ठाऊकच नव्हतं. "ओरडतेस काय एवढी? गाय ओरडते का?" असं खुशाल म्हणायची. बाई चिडायची आणि त्या चिडीच्या भरात मोकळी व्हायची. बाहेर आल्यावर हीच बाई म्हणायची, तुम्मक्काच्या हाताला गुण आहे. मला तर वाटतं गुण तोंडालाच होता.

आमच्याकडे मूल झालं की सुईण लगेच नाळ कापत नाही. मूल हातांवर धरून दाराकडे वळते आणि विचारते, "कुणाचं?" मग घरातल्या कुणीतरी मोठ्यानं म्हणायचं, "माझं." बाप म्हणेल, आजोबा म्हणेल, मामा म्हणेल, पण कुणी म्हटल्याशिवाय नाळ कापायची नाही. आणि ज्यानं "माझं" म्हटलं, त्यानं सुईण जे मागेल ते द्यायचं. तिथं घासाघीस चालत नाही. तुम्मक्का फार मागायची नाही. सूपभर तांदूळ, सुकी मासळी, फार तर एखादं लुगडं. फक्त एका तेलाच्या व्यापाऱ्याकडे तिनं दुभती म्हैस मागितली, कारण मुलगी झाली म्हणून त्यानं "माझं" म्हणायला दुपार लावली होती आणि तोवर ही पोर हातावर घेऊन दारात उभी होती. म्हैस घेऊन आली घरी. ती म्हैसही तिच्यासारखीच मारकी होती.

तिच्या स्वतःच्या वेळचं तर विचारूच नका. गावात दुसरी सुईण नाही, म्हणून स्वतःचं स्वतःच सगळं उरकलं आणि मूल हातावर घेऊन दारातून विचारलं, "कुणाचं?" माझे सासरे तेव्हा ताडी पिऊन माडाखाली आडवे झालेले. हाका मारमारून ही थकली. सुईणीला स्वतः "माझं" म्हणायची मुभा नाही. ती विचारणारी, ती उत्तर देणारी नाही. शेवटी शेजारचा म्हातारा माहूत, ज्याला मूलबाळ नव्हतं, त्यानं कुंपणापलीकडून आवाज दिला, "माझं रे बाबा, माझं." झालं. शब्द म्हणजे शब्द. पोर चालायला लागलं तसं त्यानं त्याला हत्तीशाळेत नेलं. सुईणीचा मुलगा माहूत झाला तो असा. त्याचं नाव खंदनाग, आणि तोच माझा नवरा. नाव मी घेत नाही, आज गोष्टीपुरतं घेतलं.

त्याच्या हत्तीचं नाव शंख. आमच्या घरामागेच तो बांधलेला असायचा आणि त्याच्या पाण्याची डोण आमच्या अंगणात होती. फणसाच्या एकाच खोडातून कोरलेली ही थोरली डोण, माणूस आत निजेल एवढी. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं नवरा मिळाला. मिळाला हत्ती. हत्तीला ऊस, हत्तीला तांदळाचे गोळे, हत्तीच्या पायाला काटा रुतला म्हणून रात्रभर नवरा बाहेर. आत्याबाईंना, म्हणजे सासूला, सांगायला गेले तर म्हणाल्या, "अगं हम्मे, माझ्या नवऱ्याला ताडी आवडायची. तुझ्याला हत्ती आवडतो. तुझं बरं चाललंय."

तेवढ्यात तो उत्तरेतून आला. समुद्रगुप्त. पाटलिपुत्रात एवढं मोठं घर असताना या माणसाला आमच्या जंगलातून कशाला धडपडत यायचं होतं, हे मला आजही कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. कोसल घेतलं, अरण्यातले राजे घेतले, समुद्राकाठानं खाली खाली निघाला. आमच्या महाराजांनी हत्ती काढले आणि शेजारच्या राजांबरोबर महेंद्र पर्वताच्या खिंडीकडे गेले. आमच्यांनी निघताना काय सांगावं? बायकोला काय सांगतात माणसं? हा म्हणाला, "डोणीत शेवाळ धरू देऊ नकोस, आल्यावर शंखाला खाज सुटेल." आणि गेला. मी मूर्ख, रोज नारळाच्या काथ्यानं ती रिकामी डोण घासत बसले.

पेरणी तोंडावर आली आणि खिंडीकडून एक सैनिक पळत आला. म्हणाला, सगळे मेले. महाराज मेले, हत्ती मेले, माणसं मेली. त्याला विचारायला हवं होतं, बाबा, तू पाठ करून पळत होतास ना, मग मागचं तुला कसं दिसलं? पण ते कुणी विचारलं नाही. महाराजांचे धाकटे भाऊ होतेच वाड्यात, त्यांना सिंहासनावर बसायची घाई. सुतक संपल्याशिवाय राज्याभिषेक नाही, आणि दहन झाल्याशिवाय सुतक संपत नाही. देह तर नाहीत. मग गोळशर्मा भटजींनी शास्त्र काढलं. पळसाच्या पानांचे पुतळे करायचे, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि तेच जाळायचे. महाराजांचा एक, सेनापतींचा एक, आणि जो जो गेला त्याचा त्याचा एक. नदीकाठी एका ओळीत मांडले होते.

नवऱ्याच्या डोक्यासाठी नारळ मलाच निवडायला लावला. मी चांगला भरलेला, गोल नारळ निवडला. पुतळ्याला अग्नी देणार एवढ्यात आत्याबाई आल्या, गर्दी बाजूला सारून सरळ पुढे गेल्या आणि नारळ उचलून पदराखाली घेतला. गोळशर्मा म्हणाले, "अगं, विधी अपुरा राहील."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या पोराचं डोकं मी पाहिलंय. ते लांबट आहे."

पुतळा बिनडोक्याचाच जळाला. माझ्या हातातल्या समुद्रशंखाच्या बांगड्या बायकांनी दगडावर फोडल्या. आणि दुसऱ्या दिवशी या बाईनं तो नारळ फोडून माशाचं कालवण केलं. मी तिथंच पानावरून उठले. म्हटलं, तुमच्या काळजाला काही आहे की नाही? तर म्हणाल्या, "नारळ चांगला होता. खा." मला तर आता एकवेळच जेवायचं होतं, रंगीत नेसायचं नव्हतं, लग्नकार्यात जायचं नव्हतं. त्यांना मात्र एक टिपूस आला नाही. पुढचे कित्येक दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, याचा मला आणखी राग आला.

भात कापणीला आलं आणि एका सकाळी महाराज चालत चालत गावात शिरले.

चालत. एक हत्ती नाही. डोक्यावर नवं कोरं छत्र, मागे उरलीसुरली माणसं पाय ओढत, आणि शेजारी एक गोरासा, गुळगुळीत, सारखा हसणारा उत्तरेकडचा अमात्य, मातृदास नावाचा. नदीवरच्या बायका भूत म्हणून पळाल्या. धाकटे महाराज सिंहासनावरून उठले खरे, पण उठायला त्यांनी बराच वेळ घेतला असं म्हणतात.

मग आम्हांला त्या समुद्रगुप्ताचं धोरण कळलं. अमात्य ज्याला त्याला बसवून समजावत असे, जसं काही आम्हीच त्याला विचारलं होतं. म्हणे, उत्तरेतले राजे सम्राटांनी मुळासकट उपटले. जंगलातल्या राजांना चाकरीला लावलं. पण दक्षिणेतल्या राजांना पकडलं, सोडलं आणि त्यांचं राज्य त्यांना परत दिलं. केवढं मोठं मन. आता या राजांनी फक्त दरवर्षी भेट पाठवायची आणि त्यांची आज्ञा पाळायची. आत्याबाई पाणवठ्यावर हे ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमचे कोळीसुद्धा बारका मासा परत सोडतात. पुढच्या वर्षी मोठा होऊन येईल म्हणून."

आणि दवंडी काय पिटली? की युद्ध झालंच नाही. दोन राजांची भेट झाली, आणि महाराजांनी स्नेहानं आपले हत्ती सम्राटांना दिले. हत्ती दिले. मग हत्तींवर बसलेल्या माणसांचं काय झालं, त्यावर चकार शब्द नाही. परत आलेल्या सैनिकांना विचारलं तर ते खाली बघत. एक म्हणाला, शेवटचे पाहिले तेव्हा माहूत हत्तींवरच होते. म्हणजे जिवंत? तर म्हणाला, मला काही विचारू नका, मला घरी बायकोमुलं आहेत.

मी गोळशर्मांकडे गेले. म्हटलं, महाराज जिवंत निघाले, मग माझा नवराही असेल. मी कोण आहे ते तरी सांगा, सवाष्ण की विधवा? भटजींनी डोकं खाजवलं. "ज्याचं दहन झालं तो मेला. समोर येऊन उभा राहिला तर पुढचं बघू."

"बिनडोक्याचं दहन झालं."

"तुझ्या सासूमुळे. त्यावर शास्त्रात काहीच नाही," ते म्हणाले, आणि तो विषय तिथंच मिटवला.

आत्याबाई सरळ महाराजांकडे गेल्या. पण महाराजांचंही दहन झालेलं, तेही शास्त्राप्रमाणे मेलेले. त्यांना वाड्यात प्रवेश नाही, राणीला त्यांची सावली नाही. तलावाकाठच्या मांडवात बसवून लांबून पान सरकवत होते. आत्याबाईंनी बाहेरून विचारलं, "महाराज, माझा खंदनाग कुठं आहे?" आतून उत्तर नाही. पहारेकरी म्हणाला, मेलेला माणूस बोलत नाही. नको तिथं सगळ्यांना शास्त्र आठवत होतं. खरं कारण आम्हांला कळत होतं. हत्तींबरोबर साखळ्या दिल्या, झुली दिल्या, अंकुश दिले आणि त्याच ढिगात माणसंही दिली, हे कबूल करायला तोंड नव्हतं.

आता अमात्याची अडचण झाली. मेलेल्या माणसाचं काही नसतं, म्हणून तो काही देऊ शकत नाही. मेलेल्या राजानं दिलेली भेट ही भेटच नव्हे. सम्राटांनी उदार मनानं सोडलेला राजा आमच्याकडे आल्यावर मेलेला निघाला, हे पाटलिपुत्रात कोणत्या तोंडानं सांगणार? त्यानं भटजींच्या मागे टुमणं लावलं. भटजी म्हणाले, एकच उपाय आहे. मेलेल्यानं परत जन्म घ्यायचा. तूप-पाण्यात गर्भासारखं बसायचं, मुठी मिटून, गुडघे पोटाशी घेऊन, तोंडातून शब्द न काढता. वर गर्भाचे सगळे संस्कार करायचे. मग सुईणीनं बाहेर काढायचं, नाळ कापायची, नाव ठेवायचं, पुन्हा मुंज, पुन्हा त्याच राणीशी लग्न.

पन्नाशीचा जाडजूड गर्भ बसेल एवढं भांडं वाड्यात नव्हतं. तेव्हा शिपाई आले आणि आमच्या अंगणातली डोण उचलून घेऊन गेले. मी आडवी झाले. म्हटलं, ती शंखाची आहे, मी रोज घासते. ते म्हणाले, म्हणूनच नेतोय, स्वच्छ आहे.

आणि सुईण म्हणून बोलावणं तुम्मक्कालाच. दुसरी होतीच कुठं?

त्या दिवशी सकाळी मी त्यांना बजावून सांगितलं, "आत्याबाई, आज मागायची संधी आहे. तूप मागा, भात मागा, डोण तर परत मागाच. सूपभर तांदळावर समाधान मानून येऊ नका." त्या दगडावर सुरी लावत होत्या. म्हणाल्या, "माझं काम मला शिकवतेस?" एवढंच. मला वाटलं, गेलं, ही बाई रिकाम्या हातानं येणार.

तलावाकाठी सगळं गाव जमलेलं. आम्हां पांढऱ्यात नेसलेल्या बायकांना भिंतीकडेला उभं केलं होतं, अपशकून नको म्हणून. महाराज डोणीत बसले होते, वरून पांढरं वस्त्र पसरलेलं, कमळाचा एक लांब देठ बेंबीला बांधून डोणीच्या कडेला अडकवलेला, ती नाळ. तुपाच्या वासानं माशा आणि मुंग्या आल्या होत्या. गर्भाला हात हलवायची परवानगी नाही, त्यामुळे वस्त्राखाली काय चाललं असेल ते तो गर्भच जाणे. आपण देऊन टाकलेल्या हत्तीच्या डोणीत बसून हा माणूस पुन्हा राजा होत होता, आणि ते बघायला मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या तर डोक्यात नुसत्या मुंग्या.

दुपार भरली. मुहूर्त आला. आत्याबाईंनी वस्त्र काढलं, महाराजांच्या काखेत हात घालून त्यांना वर उचललं, आणि गर्दीकडे तोंड करून नेहमीच्या आवाजात विचारलं, "कुणाचं?"

कुणी बोलेना. बोलायचं होतं धाकट्या महाराजांनी. पण "माझं" म्हणणं म्हणजे सिंहासनावरून कायमचं उठणं. ते पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. राणी पुढे सरकली तर भटजींनी तिला हातानं थांबवलं, पुढे जिच्याशी लग्न करायचं तिनं "माझं मूल" कसं म्हणायचं? महाराज बिचारे तुपानं निथळत, मुठी मिटून सगळ्यांकडे बघत होते. एवढ्या मोठ्या माणसाला कुणी आपलं म्हणेना. मला त्यांचा राग होता, तरी त्या क्षणी मला कसंसंच झालं.

उन्हात उभं राहून अमात्य कंटाळला होता. त्याला वाटलं, ही एखादी रीत, कुणीतरी दोन गोड शब्द बोलायचे असतील. तो हसत पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "आमच्या सम्राटांचं. त्यांनीच पकडलं, त्यांनीच सोडलं, राज्यही त्यांनीच परत दिलं. त्यांच्या वतीनं मी म्हणतो, माझं."

गर्दीत कुजबूज झाली. महाराजांची मान खाली गेली. आणि आत्याबाई म्हणाल्या, "म्हणालात ना? सगळ्यांनी ऐकलं. आता मी मागेन ते द्यायचं, अशी इथली रीत आहे."

"माग ना, आजी," तो म्हणाला. "सोनं माग."

"माझा मुलगा द्या. खंदनाग. शंख हत्तीचा माहूत."

अमात्याचं हसू तोंडावरच राहिलं, पण डोळे हसायचे थांबले. "हत्ती तर महाराजांनी स्नेहानं..."

"हत्ती ठेवा. हत्ती मागितलाच नाही मी."

"तो हत्ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही, आजी. तुझ्या मुलाशिवाय चाराही खात नाही. माहुताला कसं सोडणार?"

चाराही खात नाही, म्हणजे कुणीतरी तो चारा घालत होतं. म्हणजे तो होता. इतके महिने जे महाराजांनी सांगितलं नाही, भटजींनी सांगितलं नाही, सैनिकांनी सांगितलं नाही, ते हा परका माणूस वैतागून बोलून गेला होता. मी पांढऱ्यात उभी होते आणि माझा नवरा कुठंतरी गवताचे भारे वाहत होता. रडू की कुणाच्या तरी डोक्यात दगड घालू, मला कळेना.

भटजी म्हणाले, "तुम्मक्का, मुहूर्त टळतोय. नाळ काप."

"टळू दे. ज्यानं माझं म्हटलं त्यानं अजून दिलेलं नाही."

"वेडी आहेस का? महाराज जन्मायचे राहतील."

"राहू देत. माझाही राहिलाय."

डोणीत महाराज थरथरत होते. बोलायचं नाही, हलायचं नाही. पण त्यांनी मिटलेल्या मुठी कपाळाला लावल्या आणि आत्याबाईंसमोर डोकं वाकवलं. राजाला आयुष्यात कुणापुढे एवढं वाकलेलं मी पाहिलं नव्हतं. समुद्रगुप्तापुढे वाकले असतील, ते आम्हांला कुणी सांगणार नाही. आत्याबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा, तुमचं अजून डोकंही बाहेर आलं नाही."

अमात्यानं मनातल्या मनात हिशेब केला असावा. मेलेला राजा भेट पाठवत नाही, आणि माहूत काय, दुसरा शिकवता येतो. त्यानं पुन्हा ते हसू काढलं. "पकडून सोडणं हे तर आमच्या सम्राटांचं व्रतच आहे. तुझा मुलगाही सोडला. दुसरा माहूत तयार झाला की येईल."

"हातातल्या त्या सम्राटांच्या गरुडमुद्रेची शपथ घ्या."

त्यानं घेतली. आत्याबाईंनी कमळाचा देठ सप्पकन कापला आणि महाराजांच्या पाठीवर चापट मारली. जन्मलेल्यानं रडायचं असतं. महाराज खरोखरच रडले, आणि बराच वेळ रडत होते.

संध्याकाळी आत्याबाई बांगड्या घेऊन घरी आल्या. नेमक्या लहान मापाच्या. "केवढी मनगटं झाली आहेत तुझी, एकवेळ जेवून ही तऱ्हा," असं म्हणत त्यांनी पदराखालून महाराजांच्या डोणीतलं वाटीभर तूप काढलं, माझ्या हाताला चोळलं आणि एकेक बांगडी दाबून चढवली. त्या तुपात मुंग्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली की सम्राटांनी कृपावंत होऊन जंबुपल्लला एक माहूत बहाल केला आहे. आमचाच माणूस नेला, आमचाच माणूस परत देणार, आणि हात आम्हीच जोडायचे. मी चूल फुंकत बसले होते, फुंकणी भिंतीवर मारली.

येईल म्हणाला, पण कधी? आंब्याला मोहर आला, गेला. कैऱ्या झाल्या, आंबे झाले, कोयी टाकून झाल्या. मी रोज वेशीपर्यंत जाऊन यायची. भटजींनी एवढं मान्य केलं होतं की मी सवाष्ण, पण तो आला तरी मेलेलाच, त्यालाही जन्म घ्यावा लागणार. मग मी मनाशी ठरवलं. आत्याबाई विचारतील, कुणाचं? तेव्हा मी म्हणणार. आता आमच्यात वडीलधारं कोण उरलंय? मी राणी नाही, मला कोण अडवतंय? वेशीपर्यंत जाताना आणि येताना मी तो शब्द घोळवत असे. माझं. मोठ्यानं म्हणायचं, अडखळायचं नाही.

चिंचा गाभुळल्या तेव्हा तो आला. वेशीबाहेर वडाखाली बसला होता, मेलेल्यानं बसायचं तसा. अंगावर मांस नाही, हातात अंकुश, मागे हत्ती नाही. मी लांबूनच उभी राहिले. पहिलं वाक्य काय बोलला? "शंखाला नवा माणूस अजून नीट घासत नाही." माझं सोडाच, शंखाची काळजी. जीव भांड्यात पडला, हा तोच होता.

डोण आम्ही परत मिळवली होती. एवढं तूप कुठून आणायचं, म्हणून पाणीच भरलं, वर एक पळी तूप सोडलं. तो आत बसला, मुठी मिटून, गुडघे पोटाशी घेऊन. भटजींनी काहीतरी थोडक्यात पुटपुटलं, गरिबाला शास्त्रही आखूडच. शेजारपाजारचे जमले होते. मी पुढे उभी होते, पदर खोचून, शब्द ओठांवर.

आत्याबाईंनी त्याला काखेत धरून वर उचललं. दाराकडे वळल्या. "कुणाचं?" म्हणाल्या.

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांच्याच तोंडून आलं, "माझं."

भटजींचे हात हवेत तसेच. माझा तर संताप संताप झाला. महिनोन्महिने घोळवलेला माझा शब्द या बाईनं गिळून टाकला. मी म्हटलं, "आत्याबाई, सुईणीनं म्हणायचं नसतं. विचारायचं तुम्ही, म्हणायचं दुसऱ्यांनी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. जळत्या पुतळ्यापुढे जे डोळे कोरडे होते ते आता वाहत होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. "एकदा शेजाऱ्यानं म्हटलं, पोर हत्तीकडे गेलं," त्या म्हणाल्या. "मग तुमच्या महाराजांनी आपलं म्हणून त्या समुद्रगुप्ताला देऊन टाकलं. आता यावेळी मी कुणाला म्हणू देणार नाही."

आणि त्यांनी नाळ कापली.

त्यानंतर तुम्मक्कानं बाळंतपण केलं नाही. जिनं स्वतः उत्तर दिलं तिला पुन्हा विचारायचा हक्क राहत नाही, अशी आमच्याकडे रीत, आणि तिला ती ठाऊक होती. गावात वरच्या वाडीतली दुसरी सुईण यायला लागली, आणि आत्याबाई ओसरीवर बसून ती सगळं कसं चुकीचं करते ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. माझ्या थोरलीच्या वेळी तीच सुईण आली. बाहेर नवरा तयारीत होता, घसा खाकरत. तिनं "कुणाचं" विचारायला तोंड उघडलं मात्र, मी आतल्या चटईवरूनच ओरडले, "माझं!" इतक्या मोठ्यानं की घरामागची म्हैस बिथरली.

ओसरीवरून म्हातारीचा आवाज आला, "ओरडतेस काय एवढी?"